कळल्यापासून सुतक

आमच्याकडे गणपती बसायचा म्हणजे दोन महिने आधीपासून आईच्या अंगात यायचं. कार्डिफच्या उत्तरेला चढावर आमचं घर होतं, आणि साउथ वेल्समधल्या झाडून साऱ्या मराठी डॉक्टरांमध्ये आमचाच लाउंज मोठा, हे आई आल्यागेल्याला ऐकवायची. त्या लाउंजच्या जोरावर मंडळाचा गणपती आमच्याकडे असे. न्यूपोर्टहून, स्वान्सीहून, पार ब्रिस्टलहून माणसं यायची. बायका पैठणीवर कार्डिगन चढवून यायच्या आणि पुरुष देवाकडे पाठ करून कोण कन्सल्टंट झाला आणि कोण अजून रजिस्ट्रार म्हणून कुजतोय याची उजळणी करायचे. मूर्ती शाडूची, पुण्याहून कुणाच्या तरी हँडबॅगेत आईच्याच जुन्या नाइटीत गुंडाळून आलेली. आंबेमोहोर मिळत नसे म्हणून आई पुडिंग राइस कॉफी ग्राइंडरमध्ये दळायची, आणि ग्राइंडर कितीही धुतला तरी मोदकाच्या पारीला कॉफीचा पुसट वास राहायचाच. साठ माणसं ते मोदक खाऊन "अगदी घरच्यासारखे" म्हणायची. न्यूपोर्टच्या पटवर्धनकाकू तेवढ्या म्हणायच्या नाहीत. त्यांनी त्या वर्षी घरामागे कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, बांधून घेतली होती, आणि "एखाद्या वर्षी बाप्पाला आमच्याकडेही येऊ द्या की वहिनी" असं दोनदा गोड आवाजात सुचवलं होतं. आईनं तेव्हापासून त्यांचा धसका घेतला होता.

बाबा भूलतज्ज्ञ होते. माणसाला शुद्धीवरून उतरवायचं, त्याला काही कळू द्यायचं नाही आणि मग अलगद परत आणायचं, हे काम ते तीस वर्षं उत्तम करत होते. त्यांचा धाकटा भाऊ सांगलीला एका शाळेत चित्रकला शिकवायचा. काकू लवकर गेली, त्यामुळे घरात काका आणि त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास, दोघंच. हा सुहास फौजेत गेला तेव्हा आमच्या डायनिंग टेबलवर त्याचं जे कौतुक झालं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. बाबा म्हणाले, "मेडिकल मिळालं नाही, इंजिनिअरिंग मिळालं नाही, मग काय, फौज. शत्रूला कुठे माहीत असणार, याला केमिस्ट्रीत किती होते?" जेवायला आलेली तिन्ही डॉक्टर जोडपी पोट धरून हसली. सुहासदादानं मेडिकलचा फॉर्मच भरला नव्हता, हे बाबांना ठाऊक होतं. पण आमच्या मंडळात एखादा मुलगा डॉक्टर होण्याचं नाकारू शकतो ही कल्पनाच कुणाला झेपली नसती, म्हणून त्याला नापास करून टाकणं सोयीचं होतं.

मी त्याला पाहिलं ते सांगलीच्या तीन उन्हाळ्यांत. तो बसून जेवायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, तळहातावर भाकरी, भाकरीच्या मधोमध ठेचा, आणि काका "अरे, बस की" म्हणाले की "उभ्यानं जास्त मावतं" हे उत्तर ठरलेलं. आवाज जाडा, सूर अजिबात नाही, आणि आंघोळ करताना गायची सवय, त्यामुळे शेजारच्या देशपांड्यांची म्हातारी भिंतीवर लाटणं आपटायची. तो बुटांना पॉलिश करत बसला की मी शेजारी बसून माझ्या तोडक्यामोडक्या मराठीत बडबडायची. "माझी शाळा खूप मोठा आहे" असलं मी काही बोलले की तो हसायचा नाही, फक्त ब्रशच्या एका फटकाऱ्याबरोबर "मोठी" म्हणायचा आणि पॉलिश पुढे चालू. मी कार्डिफला परतल्यावर त्यानं मला मराठीत पत्रं लिहायला लावली. मी निळ्या एरोग्रामवर पत्र लिहायचे, तो उत्तराबरोबर माझंच पत्र लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवायचा. खाली शेरा असायचा, "दहापैकी चार. मजकूर उत्तम." आज मी हे जे काही लिहिते आहे ते त्या लाल पेन्सिलीच्या जोरावर लिहिते आहे. आईबाबांनी मला मराठी शिकवलं असा त्यांचा मरेपर्यंत समज होता, आणि मंडळात त्याबद्दल त्यांचा एकदा शाल देऊन सत्कारही झाला.

मग त्याची पलटण श्रीलंकेला गेली. तिथल्या दोन जमातींची आपसातली लढाई, आणि हे शांतता राखायला म्हणून गेलेले. त्याचं शेवटचं पत्र जाफन्याच्या बाजूनं आलं होतं. त्यात लढाईचं फारसं नव्हतं. नारळाच्या दुधातल्या भाजीबद्दल होतं, ताडाच्या झाडांबद्दल होतं, पाणी पाजायला आलेली एक आजी दुसऱ्या दिवशी त्यांना पाहून दार लावून घेते त्याबद्दल होतं. "दोन भाऊ भांडत होते," त्यानं लिहिलं होतं, "आम्ही हात धरायला मध्ये पडलो. आता दोघंही आम्हाला मारतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मारलं असतं. तू मात्र मागच्या पत्रात दोनच चुका केल्या आहेस, म्हणजे या महिन्यात निदान एका आघाडीवर प्रगती आहे." मी ते पत्र जेवताना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "आयडियलिझम. चार वर्षांत उतरेल." आईनं विचारलं की तिथे नारळ स्वस्त असतील, नाही?

गणपतीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी शाळेतून येऊन चहा करत होते तेव्हा फोन वाजला. चार वाजले असतील, म्हणजे सांगलीला साडेआठ. काका देशपांड्यांकडून बोलत होते, कारण काकांकडे फोन नव्हता. लाइन इतकी स्वच्छ होती की मागे कुणीतरी भांडी लावत होतं तेही ऐकू येत होतं. काका हळूहळू बोलले, मला समजावं म्हणून सोपे शब्द निवडून बोलले. आपल्या मुलाच्या मरणाची बातमी सांगतानाही ते पुतणीच्या मराठीची काळजी घेत होते. "मनू, सुहास लढाईत गेला. काल मिलिटरीचा माणूस येऊन सांगून गेला. त्यांनी तिकडेच अग्नी दिला. दादाला सांग. म्हणावं, मी इथे देशपांड्यांकडेच बसतो, फोन कर." मी "हो काका" म्हणाले.

आई किचनमध्ये सारण परतत होती. मी सांगितलं. फोन ठेवल्यापासून चार मिनिटं झाली असतील, कारण मी आधी हॉलमधल्या जिन्यावर थोडी बसले होते. माझं वाक्य असं होतं: "आई, काकांची फोन आली होती. सुहासदादा मेला." आईनं गॅस बारीक केला. कढईवर झाकण ठेवलं. हात धुतले, टी-टॉवेलला पुसले, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"लाइन कशी होती?"

"क्लिअर होती."

"इंडियाची लाइन कधी क्लिअर नसते, मनू. तुला नीट ऐकू आलं नसणार."

"आई, मला आला ऐकू. काका म्हणाले, बाबांना सांग, फोन करायला सांग."

"रविवारी विसर्जन झालं की तू मला काय ते सांग. आत्ता तू मला काहीही सांगितलेलं नाहीस. कळलं? आणि बाबांना तर मुळीच नाही."

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सख्ख्या भावाचा मुलगा गेला की दहा दिवस सुतक. सुतकात देवाला शिवायचं नाही, गणपती बसवणं तर दूरच. पण परदेशी राहणाऱ्यांसाठी शास्त्रानं एक सोय करून ठेवली आहे: सुतक लागतं ते बातमी कळल्यापासून. कळलीच नाही तर लागतच नाही. ही सोय ज्यांनी केली त्यांच्यापुढे महिनोन् महिने बोटीत बसलेली, खरोखरच काही न कळलेली माणसं असणार. आईनं तिचा उपयोग खिडकी लावून घ्यावी तसा केला. मंगळवारी कळलं तर मूर्ती न्यूपोर्टला जाणार, पटवर्धनकाकूंच्या कन्झर्व्हेटरीत बसणार, आणि एकदा तिथे गेली की परत यायची नाही. रविवारी कळलं तर काहीच बिघडत नाही. सांगलीत कोण फोनपाशी बसलंय हा मुद्दा या हिशेबात कुठे येतच नव्हता. तिनं हॉलमधल्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. बाबा हॉस्पिटलला हवे असले तर त्यांच्याकडे ब्लीप, म्हणजे पेजर, होता.

आईची बाजू मांडायची तर अशी मांडता येईल की त्या देशात तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. डिग्री असून नोकरी नाही, हवा ओली, नवरा ऑपरेशन थिएटरमध्ये, मुलगी परकं बोलणारी. हे सगळं मी पुढे मोठी झाल्यावर समजून घेतलं, तिच्याजवळ कबूलही केलं. पण समजलं म्हणून तिच्याबद्दलचा तिटकारा गेला नाही, आणि आता या वयात तो गेल्याचं सोंग मी करणार नाही.

बुधवारी मूर्ती बसली. शास्त्राप्रमाणे मला कळलेलं होतं, म्हणजे घरात सुतक फक्त मला होतं. मी हे आईला म्हणाले. ती म्हणाली, "तू मायनर आहेस." कुठल्या पोथीत वयाची ही अट आहे, मी विचारलं नाही. मी दूर्वांच्या जुड्या बांधल्या, मोदक वळले, निरांजनं लावली, आरतीत झांजा वाजवल्या. गुरुवारी स्वान्सीच्या एका काकांनी माझी पाठ थोपटली, "इथे वाढूनसुद्धा काय संस्कार आहेत पोरीवर."

बाबांना मी सांगायचं ठरवलं होतं. बाबा माझे होते. आईला काही कळत नाही आणि बाबांना सगळं कळतं, असा आमचा दोघांचा लहानपणापासूनचा अलिखित करार होता. ते मला फिजिक्स शिकवायचे, क्रिकेट समजवायचे, आईच्या मंडळाची नक्कल करून हसवायचे. शुक्रवारी सकाळी ते मला शाळेत सोडायला निघाले. पाऊस भुरभुरत होता. मोठ्या राउंडअबाउटवर गाडी थांबली तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मंगळवारी सांगलीहून फोन आला होता." हे वाक्य मी बिनचूक म्हटलं होतं, रात्रभर घोकून.

बाबांनी इंडिकेटर दिला. उजवीकडे पाहिलं. म्हणाले, "मनू, काय असेल ते संडेला इव्हनिंगला सांग."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला काहीही माहीत नाही. आणि तूही आत्ता मला काही सांगितलेलं नाहीस." गाडी पुढे गेली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पॅक्ड लंच घेतलास ना?"

आईनं त्यांना सांगितलं होतं, का त्यांनी रिसीव्हर पाहून स्वतःच ओळखलं होतं, हे मला कधीच कळलं नाही. काय फरक पडतो? त्यांचा आवाज अगदी शांत होता. टेबलावरच्या पेशंटला "आता दहापासून उलटे आकडे मोजा" म्हणताना त्यांचा आवाज असाच असणार. आईनं निदान हात तरी धुतले होते.

मी स्वतः काकांना फोन करू शकले असते. शाळेच्या कोपऱ्यावर फोनची लाल पेटी होती. देशपांड्यांचा नंबर मला पाठ होता. मी दोन दिवस त्या पेटीवरून चालत गेले आणि आत गेले नाही, कारण मुलगा गेलेल्या माणसाशी मराठीत काय बोलतात ते मला येत नव्हतं. चूक होईल याची लाज वाटली. इतरांना नावं ठेवताना हेही लिहून ठेवलं पाहिजे.

शनिवारी साठ माणसं आली. पटवर्धनकाकूंनी मोदकाचं मुखऱ्यांपासून बुडापर्यंत निरीक्षण केलं आणि एक टाकून दिला. लाउंजमध्ये बाबा खड्या आवाजात आरती म्हणत होते. एक कडवं चुकलं तर हसले, सगळे हसले. रविवारी दुपारी गार्डनमध्ये मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात विसर्जन झालं. शाडू विरघळायला वेळ लागतो. पाहुणे गेले, प्लेट्स धुवून झाल्या, उरलेल्या मोदकांवर क्लिंग फिल्म लागली. मग आईनं मला लाउंजमध्ये बोलावलं. दोघं सोफ्यावर बसले होते. आई म्हणाली, "हं. मनू, तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

मला ते परत सांगावं लागलं. उभं राहून, कार्पेटच्या मधोमध, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं. मी म्हणाले, "सुहासदादा मेला." आई म्हणाली, "मेला नाही म्हणत गं, गेला म्हणतात," आणि तिला रडू कोसळलं. खोटं रडू नव्हतं ते. पाच दिवस तिनं ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे, पण ती अक्षरशः गदगदून रडत होती, आणि त्या रडण्यामुळे मला तिचा जितका राग आला तितका खोट्या रडण्यानं आला नसता. बाबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग तिघांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, आधी बाबा, मग आई, मग मी, आणि माझ्या वेळी गरम पाणी संपलेलं होतं.

आंघोळ करून मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा बाबांनी फोन लावला होता. काकांनी लगेच उचलला असावा, कारण बाबा एकदम बोलायलाच लागले. "अरे, आत्ता कळतंय रे आम्हाला. आत्ता, या क्षणी. पोरीनं फोन घेतला होता, ती सांगायलाच विसरली. हो ना. अरे, इथे वाढलेली मुलं, त्यांना काय, कुणाचं काय झालं त्याचं काही... हो. हो. नाही, रागावलोय मी तिला." मी तिथेच, पायऱ्यांवर, ओल्या केसांनी उभी होते. बाबांनी मला पाहिलं. पाहून त्यांनी पाठ वळवली आणि वायर ओढून बोलणं चालू ठेवलं.

पुढचे दहा दिवस आईनं सुतक असं कडक पाळलं की सांगलीतही कुणी पाळलं नसेल. पटवर्धनकाकू भेटायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "काय बाई योगायोग, विसर्जन झालं आणि मग बातमी. गणपतीनंच सांभाळून घेतलं हो तुम्हाला." आई म्हणाली, "त्यालाच काळजी." मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. सुहासदादाचा फोटो मोठा करून आणला होता, त्याला हार घातला होता, आणि केमिस्ट्रीच्या विनोदावर पोट धरून हसलेल्या डॉक्टरांपैकी दोघांनी भाषणं केली. एकानं मातृभूमी म्हटलं, एकानं वीरपुत्र. ज्या लढाईत तो गेला ती कुणाची, कशासाठी, यावर एकजण अक्षर बोलला नाही, कारण ते कुणी वाचलेलंच नव्हतं. बाबांनी शेवटी दोन शब्द सांगितले. म्हणाले, "आमच्या घराण्याचं रक्तच तसं आहे." मिनिटभर स्तब्धता झाली, चहा-सामोसे झाले, आणि त्याच बैठकीत पुढे बॅडमिंटनच्या कोर्टाचं बुकिंग कुणी करायचं त्यावर पाऊण तास वाद झाला. बाबांशी मी त्यानंतर आयुष्यभर नीट, सभ्यपणे बोलले. त्यांच्याकडून फिजिक्स परत शिकले नाही.

काही वर्षांनी, डिग्री झाल्यावर, मी एकटी सांगलीला गेले. तेव्हा मी साधारण सुहासदादाच्या वयाची होते. काका रिटायर झाले होते, वाळले होते. त्यांनी माझ्यासाठी स्वतः पोहे केले, त्यात मीठ जास्त झालं होतं, ते मी सगळे खाल्ले. माझं मराठी ऐकून ते खूश झाले. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना त्यांनीच विषय काढला.

"पाच दिवस मी त्या देशपांड्यांकडे खुर्ची टाकून बसलो होतो. शेवटी त्या म्हातारीलाच माझी दया आली, तिथेच जेवायला वाढायची. मी म्हणायचो, दादाला रजा मिळत नसेल. दुसरं काही असेल असं मनात नाही आलं. मग त्यानं सांगितलं, तू विसरलीस म्हणून." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला तुझा कधी राग नाही आला हं, मनू. तू लहान होतीस. मी दादालाही म्हटलं, तिला रागावू नकोस. तू ते मनात ठेवत असशील तर काढून टाक. मी कधीच माफ केलंय."

त्यांचा मुलगा गेला होता. त्यांच्याजवळ एक भाऊ उरला होता. मी "हो काका" म्हणाले.

आता काका नाहीत, बाबा नाहीत, गेल्या वर्षी आईही गेली. खरं ऐकून दुखावणारं कुणी राहिलं नाही, आणि ज्यानं ते ऐकायला हवं होतं तोही राहिला नाही. काका, मी विसरले नव्हते. तुम्ही फोन ठेवल्यावर चार मिनिटांत मी सांगितलं होतं.